गार रेडिएटरचं शोकपत्रक

स्विलेन कारादिमोव मेलेला नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. विदिन गावात अजूनही काही लोकांना ते पटलेलं नाही. परवाच बाजारात तो मिरच्या निवडताना दिसला, तर एका बाईंच्या हातातली पिशवी गळून पडली. त्या बिचारीचा काय दोष? दोष असलाच तर कामेन चाकारोवच्या कानांचा.

कामेन पाणीपुरवठा कचेरीत तक्रार विभागात बसायचा. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या, हळहळायचं आणि "पाइप जुना आहे हो" म्हणून त्यांना वाटेला लावायचं. इतक्या तक्रारी पोटात साठल्यावर माणसाने त्या कुठेतरी ओकायला नकोत का? कामेन संध्याकाळी जेवण झालं की कानाला हेडफोन लावायचा, अल्टरनेटिव्ह रॉकचा एखादा अल्बम ऐकायचा आणि इंटरनेटवरच्या आपल्या पानावर त्याची सालटी काढायचा. पानावर त्याचं नाव नव्हतं. तिथे तो 'कडू कान' होता.

"अल्टरनेटिव्ह म्हणजे कशाला पर्याय?" असं इस्क्राने, म्हणजे त्याच्या बायकोने, लग्नानंतर एकदा विचारलं होतं. कामेनने समजावून सांगितलं. सूप निवलं, परत गरम केलं, परत निवलं. त्यानंतर तिने तो प्रश्न कधी काढला नाही, तेव्हा तिला समजलं असावं असा कामेनचा समज होता.

कडू कानाची मतं ठाम असत. कुठल्याही बँडचा पहिला अल्बम तेवढा खरा. दुसऱ्याच्या वेळी ड्रमवाल्याने नवे ड्रम घेतलेले असतात, आणि ते ऐकू येतं. तिसऱ्याच्या वेळी गाणाऱ्याचं लग्न झालेलं असतं, आणि तेही ऐकू येतं. आता पहिलाच अल्बम चार लोकांना आवडला, तर मात्र त्याच्याही आधी गॅरेजमध्ये भरलेली कॅसेट खरी, आणि ती नेमकी कामेनकडेच असायची. आवाजात खरखर असली की तो 'प्रामाणिक' म्हणून लिहायचा. नसली की 'विकले गेले'. एका पोलिश बँडच्या अल्बमला त्याने 'हाडं गोठवणारी उदासी' म्हणून डोक्यावर घेतलं होतं. पुढे कळलं की त्याचं कॅसेटचं यंत्रच हळू फिरत होतं. कामेनने मत काही बदललं नाही. यंत्रही दुरुस्त केलं नाही.

स्विलेन हा त्याचा शाळेपासूनचा मित्र, आणि त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर आईसोबत, म्हणजे गिनाकाकूंसोबत, राहणारा. त्याच्या बँडचं नाव 'गार रेडिएटर'. त्या इमारतीत ज्यांनी हिवाळे काढले आहेत त्यांना हे नाव कुठून आलं ते विचारावं लागत नाही. त्यांची पहिली कॅसेट 'तळघरात ओल' खरोखरच तळघरात भरलेली होती, आणि कडू कानाने तिच्याबद्दल लिहिलं होतं की विदिनमधून आजवर एवढी एकच खरी गोष्ट बाहेर पडली. त्यानंतरच्या प्रत्येक अल्बमला मात्र त्याने सोलून काढलं. आणि गंमत अशी, की प्रत्येक वेळी स्विलेन तो लेख छापून घेऊन वर यायचा, थेट कामेनच्याच स्वयंपाकघरात.

"कोण आहे रे हा हरामखोर? म्हणे 'बास गिटार ऐकून वाटतं, शेजारचा कोणी कपाट सरकवतोय'. याच्या कानात कोणी काय ओतलंय?"

"असेल राजधानीतला, सोफियाचा कोणी शहाणा," कामेन ग्लासात राकियाची दारू ओतत म्हणायचा. "तू लक्ष नको देऊस. मला तर बुवा आवडला अल्बम."

"तुला काय, तुला सगळंच आवडतं," स्विलेन म्हणायचा आणि ग्लास पुढे करायचा.

एवढ्यावर गाडी नीट चालली होती. मग 'उजेडाकडे' आला.

'उजेडाकडे' हा गार रेडिएटरचा नवा अल्बम. त्याला पैसे दिले होते गावातल्या गादीच्या दुकानदाराने, आणि अल्बमच्या पाकिटात आत गाद्यांची जाहिरात होती. तेही कामेनने पोटात घातलं असतं. पण त्यात व्हायोलिनं होती! एक नाही, दोन नाही, व्हायोलिनांचा नुसता चिखल. ज्या माणसाने एकेकाळी तळघरात ओलीवर गाणं म्हटलं होतं, तो आता "हृदयाची खिडकी उघड" असं म्हणत होता, आणि मागून व्हायोलिनं ती खिडकी उघडत होती. कामेनला मनापासून वाईट वाटलं. त्याच्या तरुणपणातली एक खरी गोष्ट गादीवर लोळत पडली होती.

त्याने आयुष्यातला सगळ्यात जळजळीत लेख लिहिला आणि पानावर टाकायला बसला. तेव्हा सहज म्हणून त्याने आपले वाचक कोण ते पाहिलं. एक होता स्विलेन. दुसरा केस उगवण्याचं औषध विकणारा एक गृहस्थ, जो प्रत्येक लेखाखाली तीच एक बाटली चिकटवून जायचा. बस्स! इतकी वर्षं रक्त आटवायचं आणि वाचणार कोण, तर ज्याला झोडपलं तो आणि टकल्यांचा हितचिंतक. कामेनचा स्वाभिमान असा दुखावला की त्याने लेख टाकलाच नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीला निघताना त्याला दारातच गर्दी लागली. इमारतीच्या दारावर नवं शोकपत्रक लागलं होतं आणि बाकावरच्या बायका ते वाचत होत्या. तसं त्यात नवं काही नाही. काळी चौकट, फोटो, नाव, अंत्यविधी कधी-कुठे. गेल्यावर एक, चाळीस दिवसांनी एक, वर्षाला एक. तरुण पोरं जर्मनीला निघून गेली आणि उरलेल्यांची पत्रकं खांबांवर, झाडांवर, बसथांब्यावर लागत राहिली. पण त्या दिवशी कामेनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या गावात एकच साहित्यप्रकार आहे, जो लोक चष्मा पुसून, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचतात आणि वर त्यावर चर्चा करतात!

शोकपत्रकं छापायची म्हणजे त्सोंकाबाईंकडे. त्यांचं झेरॉक्सचं दुकान दवाखान्यासमोर होतं, यातच सगळं आलं. कामेनने मजकूर पुढे केला: 'अत्यंत दुःखाने कळवतो की आमचा लाडका गार रेडिएटर, व्हायोलिनच्या दीर्घ आजाराने, उजेडाकडे गेला. अंत्यविधी शनिवारी संध्याकाळी, वाचनभवनाच्या मोठ्या सभागृहात. शोकाकुल: कडू कान.' शनिवारी तिथे अल्बमचा पहिला कार्यक्रम होता. पत्रकाची खोच कामेनला इतकी आवडली होती की येताना रस्त्यात तो दोनदा एकटाच हसला होता.

त्सोंकाबाई हसल्या नाहीत. "फोटो?"

त्याने बँडचा फोटो दिला. त्यांनी तो लांब धरून पाहिला. "यात चौघं आहेत. चौकटीत एकच मावतो." मग जवळ धरला आणि छातीवर क्रूस काढला. "अगं बाई! हा तर गिनाचा स्विलेन!"

"बाई, हे तसं नाही. ही समीक्षा आहे. त्याच्या अल्बमवरचं माझं मत आहे."

"असू दे, असू दे," त्सोंकाबाई त्याचा हात थोपटत म्हणाल्या. "पहिले काही दिवस माणूस असंच काहीबाही बोलतो. माझे मिस्टर गेले तेव्हा मी महिनाभर टेलिफोन कंपनीला शिव्या देत होते. हे व्हायोलिन वगैरे कशाला? लोक एवढं वाचत नाहीत. आणि कडू कान म्हणजे काय? शोक करणारा माणूस हवा, कान नको."

"पण मला तसंच छापून..."

"पावती कोणाच्या नावाने?"

"कामेन चाकारोव. पण बाई..."

"चिकटवणं त्यातच आलं. आमचा माणूस गावभर लावतो. तू जा कचेरीत, चहा घे, सावर स्वतःला."

कचेरीची वेळ झाली होती, आणि साहेब दारात उभे राहून घड्याळ बघतात हे कामेनला माहीत होतं. शिवाय त्सोंकाबाईंशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही, मेलेलेसुद्धा नाहीत. तो गेला.

संध्याकाळी घरी येताना पहिल्याच खांबावर त्याने ते पाहिलं. चौकटीतून स्विलेन एकटाच त्याच्याकडे पाहत होता. 'आमचा लाडका स्विलेन कारादिमोव दीर्घ आजाराने उजेडाकडे गेला. अंत्यविधी शनिवारी, वाचनभवन, मोठं सभागृह. शोकाकुल: कामेन चाकारोव आणि कुटुंब.' व्हायोलिनं गेली होती, रेडिएटर गेला होता, खोच तर मुळातच गेली होती. उरलं होतं ते फक्त प्रेत.

इमारतीच्या जिन्यात बायकांची रांग. प्रत्येकीच्या हातात फुलं, दोन नाहीतर चार, कारण जिवंत माणसाला विषम आणि मेलेल्याला सम, हे इथल्या लहान पोरालाही कळतं. दाराशी इमारतीचे व्यवस्थापक रादकोकाका उभे. त्यांनी कामेनचा हात दोन्ही हातांत घेतला.

"धीर धर रे बाबा. तुझी सही पाहिली खाली. सख्ख्या भावानेसुद्धा एवढं केलं नसतं."

"रादकोकाका, स्विलेन जिवंत आहे!"

"आपल्या मनात तो कायम जिवंतच राहणार," रादकोकाका म्हणाले. एवढ्यात वर दार उघडलं आणि गंजीफ्रॉकमधला स्विलेन हातात अंड्याचं ऑम्लेट घेऊन बाहेर आला. जिन्यात जो काही गलका झाला! एक बाई मटकन पायरीवर बसली. दुसरी म्हणाली, "आता हा शंभर वर्षं जगेल," आणि तिसरी म्हणाली, "पण मग या फुलांचं काय करायचं?"

तो प्रश्न स्विलेनच्या आईने, गिनाकाकूंनी, मिटवला. त्यांनी दारात उभं राहून फुलं, कॉफीची पाकिटं, साखर, बानित्साची, म्हणजे चीज घातलेल्या खारीची, दोन तबकं, सगळं शांतपणे आत घेतलं. "दारात आलेलं परत पाठवू नये," त्या म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष कामेनकडे गेलं. "अरे मेल्या, फोटो तरी बरा द्यायचास! यात माझा मुलगा कोंबड्या चोरणाऱ्यासारखा दिसतोय. आणि क्रूस का नाही लावलास? आम्ही काय कम्युनिस्ट आहोत?"

कामेन तिथून जो सटकला तो थेट बाहेर. पत्रकं काढून टाकायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पहिलं पत्रक त्याने जेमतेम कोपऱ्यातून उचकटलं असेल, तेवढ्यात बाकावरच्या बायका काठ्या उगारून उठल्या. मेलेल्या माणसाचं पत्रक फाडतो? ते ऊन-पावसाने आपोआप गळायचं असतं!

"अहो, तो मेलेला नाही!"

"मग फाडून मारतोस होय रे त्याला?"

सकाळी तो नगरपालिकेत गेला. तिथल्या बाईंनी चष्म्यावरून त्याला न्याहाळलं. शोकपत्रक मुदतीआधी काढायचं तर मयताच्या वारसाचा अर्ज लागतो, सोबत मृत्यूचा दाखला.

"मृत्यू झालाच नाहीये, बाई."

"मग मयताने स्वतः यावं, ओळखपत्र घेऊन."

"तो येईल. पण मग काढाल ना?"

"मयत स्वतः आला तर तो मयत नाही. मग ते शोकपत्रक नाही, विनापरवाना जाहिरात झाली, आणि तो विभाग दुसरीकडे." दुसरीकडचा विभाग गुरुवारी बंद असतो. त्या दिवशी अर्थातच गुरुवार होता. आयुष्यभर लोकांना 'पाइप जुना आहे' सांगणाऱ्या माणसाला पहिल्यांदा खिडकीच्या अलीकडची बाजू कशी असते ते कळलं. त्याला ती मुळीच आवडली नाही.

संध्याकाळी व्हायचं तेच झालं. स्विलेन वर आला. हातात लेख नव्हता, खांबावरून अख्खं काढलेलं शोकपत्रक होतं. मयताला कोण अडवणार? त्याच्या मागोमाग रादकोकाकाही आत शिरले, कारण इमारतीत काही घडलं आणि ते तिथे नाहीत असं आजवर झालेलं नाही.

"का?" स्विलेनने एवढंच विचारलं.

इस्क्रा भांडी घासायची थांबली. कामेनने ठरवलं, आता सांगून टाकायचं. की कडू कान मी आहे. की तुझा अल्बम मला असह्य झाला. की तू तळघरातून वर यायलाच नको होतंस. त्याने तोंड उघडलं.

"अरे काय 'का' विचारतोस?" रादकोकाका मध्येच म्हणाले. "गाढवा, तुझ्या कार्यक्रमाची कितीशी तिकिटं गेली होती? वाचनभवनाच्या बाईंना विचारून आलोय मी. काल दुपारपर्यंत गादीवाल्याने आपल्या नोकरांसाठी घेतली होती तेवढीच. आणि आज? आज खुर्च्या शाळेतून आणायला माणूस पाठवलाय! डोकं लागतं असल्या जाहिरातीला. आणि स्वतःचं नाव खाली घातलंन, म्हणजे उद्या शिव्या खायच्या त्या यानेच."

स्विलेन कामेनकडे वळला. त्याचे डोळे भरून आले.

"कामेन. हे तू माझ्यासाठी केलंस?"

आता इथे एखादा बाणेदार माणूस काय म्हणाला असता, ते सांगायला नको. कामेन म्हणाला, "मित्रासाठी एवढं तरी करायला नको?" इस्क्राने नळ पुन्हा सोडला, नेहमीपेक्षा जरा जोरातच.

शनिवारी वाचनभवनात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांना खरं कळलं नव्हतं ते शोक करायला आले होते, ज्यांना कळलं होतं ते तमाशा बघायला. पण काळे कपडे दोघांनीही घातले होते, आणि फुलं तर आधीच घेतलेली होती. स्विलेन रंगमंचावर आला तेव्हा निम्म्या सभागृहाने क्रूस काढला. मग व्हायोलिनं सुरू झाली.

आणि लोक रडले! नुसते डोळे पुसले नाहीत, हुंदके देऊन रडले. 'हृदयाची खिडकी' सुरू झालं तसं प्रत्येकाला आपापलं मेलेलं माणूस आठवलं. गादीवाला रडला. ज्या गावाने आजवर गार रेडिएटरच्या गाण्यांवर खिडक्या आपटून बंद केल्या होत्या, ते गाव रुमालात नाक शिंकरत होतं. पहिल्या रांगेत शोकाकुल कुटुंब म्हणून बसवलेला कामेन तेवढा कोरडा होता. 'बनावट, नुसतं बनावट,' त्याचे कान आतून ओरडत होते. 'तिसऱ्या कडव्यात सूर घसरलाय, ड्रम ऐकूच येत नाहीत, आणि ही माणसं गाण्यावर रडत नाहीयेत, स्वतःवर रडताहेत!'

शेवटचं गाणं संपलं. स्विलेनने हात वर केला.

"तुम्हाला इथे ज्याने आणलं तो माझा मित्र खाली बसलाय. कामेन, ये वर. लोकांना सांग, अल्बम कसा झालाय. तुला जे वाटतं ते खरंखरं सांग."

माइक कामेनच्या हातात आला. दोन वाचकांवर आयुष्य काढलेल्या माणसापुढे सगळं विदिन कान देऊन बसलं होतं, आणि तेही वाट बघत होतं! समोर गिनाकाकू, मांडीवर रुमाल. बाजूला स्विलेन, त्याच्याकडे टक लावून. कामेनच्या जिभेवर अख्खा लेख तयार होता, शब्द न् शब्द.

"मला..." तो म्हणाला. "मला फार आवडला. व्हायोलिनं तर... फारच सुंदर."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि तेव्हा कुठे कामेनच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना ते फार भावलं.

कार्यक्रमानंतर रंगमंचामागच्या खोलीत स्विलेन एकटाच बसला होता, समोर फुलांचा ढीग. एवढं यश मिळालेल्या माणसाचा चेहरा असा पडलेला कामेनने कधी पाहिला नव्हता.

"काय झालं रे? सगळा गाव रडला की."

"ते रडायलाच आले होते," स्विलेन म्हणाला. "कामेन, एक सांगू? त्या कडू कानाने यावेळी काहीच लिहिलेलं नाही. रोज बघतोय मी."

"बरंच झालं की. त्याला शिव्याच तर घालायचास तू."

"घालायचो. आणि पुढच्या वेळी गुपचूप तो म्हणाला तसंच करायचो. मागच्या वेळी बास कोणामुळे बदलला, सांग? तो कपाट सरकवण्याबद्दल जे लिहितो ना, ते खरं असतं रे. मला ठाऊक असतं ते खरं असतं, म्हणून तर राग येतो. ही व्हायोलिनं गादीवाल्याने घालायला लावली. ऐकताना माझी मलाच लाज वाटते. वाटलं होतं, तो मला असा फोडून काढेल की मी ती उपटून फेकून देईन. पण तो गप्प. म्हणजे आता मी त्याच्या शिव्या खायच्याही लायकीचा राहिलो नाही."

इतकी वर्षं कामेनला एकच खरा वाचक होता, आणि सगळं गाव ऐकायला बसलं तरी त्याची सर आली नसती.

"स्विलेन," तो म्हणाला. "मीच आहे तो."

"कोण?"

"कडू कान. मी. सगळे लेख मीच लिहिले. आणि हा अल्बम भिकार आहे. अगदी भिकार."

स्विलेनने मान वर केली. मग तो उठला, कामेनच्या खांद्यावर हात ठेवला आणि थकल्यासारखा हसला.

"तुझं मन फार मोठं आहे रे. मला बरं वाटावं म्हणून आज तू काहीही बोलशील. पण कडू कानाच्या हातात तो माइक आला असता ना, तर तो खोटं बोलला नसता."

कामेनचा हात खिशातल्या फोनवर गेला. फोन काढायचा, आपलं पान उघडून दाखवायचं, की झालं. पण मग स्विलेनकडे जो एक खरं बोलणारा माणूस उरला होता, तोही राहिला नसता. त्याने हात बाहेर काढला.

"चल, ही फुलं उचलायला मदत कर," स्विलेन म्हणाला. "आई खाली थंडीत उभी आहे."